खडखडाटाची बखर

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. संध्याकाळची रोकड जुळल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. फरक नऊ रुपयांचा असो की नऊ हजारांचा, दुखणं सारखंच. हल्ली बेरजा संगणक करतो हे खरं. पण नोटा मोजणारी बोटं अजून माणसाचीच आहेत, आणि चुकतात ती बोटंच. कॉमर्स कॉलेजात जी काही विद्या पदरात पडली, तिच्यातलं एक सूत्र मला आजवर पुरलं आहे : फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी दोन आकड्यांनी जागा बदलल्या आहेत असं समजावं. ५४ चे ४५ झाले की नऊ कमी. फरकाच्या तोंडवळ्यावरून चूक ओळखायची, हे ते शास्त्र.

हे शास्त्र बँकेबाहेर वापरण्याचा प्रसंग माझ्यावर एकदाच आला, आणि तो आणला आमच्या मेव्हण्याने. आमच्या घरातल्या सगळ्या कल्पना त्याच्या असतात. हप्ते माझे असतात. 'फिरतं घर' ही अशीच त्याची कल्पना. परदेशात म्हणे लोक मोटारीतच पलंग, चूल आणि मोरी घेऊन हिंडतात. मग आम्हीच काय घोडं मारलंय? तेव्हा एक जुनी व्हॅन घेतली. (कंपनीचं नाव सांगत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या कुरकुरीबद्दल त्याच्या माहेरच्यांना दोष देऊ नये.) एका सुताराकडून आत प्लायवूडचा पलंग करून घेतला, पलंगाखाली कप्पे, मागे ओटा, ओट्यावर दोन शेगड्यांचा गॅस, वर भांड्यांची फळी. दारात उभी असताना हे घर इतकं देखणं दिसायचं की शेजारी चपला काढून आत यायचे.

मग आम्ही ते चालवलं.

अहिल्यानगरच्या बाहेर पडेपर्यंत गाडीतून जे जे आवाज आले, त्यांचं वर्णन करायचं तर लग्नाची वरात, भांड्यांचं दुकान आणि पत्र्यावर पडणाऱ्या गारा हे तिन्ही एकत्र कल्पावं. सौ. मागून ओरडून काहीतरी सांगत होती. मला वाटलं, 'हळू चालवा' म्हणतेय. घरी आल्यावर कळलं की ती 'तुमचं पाकीट घरी राहिलंय' असं राहुरीपर्यंत सांगत होती.

मेव्हण्याने तत्काळ उपाय काढला. गाडीत दोन मोठे स्पीकर बसवले. गाणी लावली की चार आवाज लपले, हे कबूल केलं पाहिजे. पाचवा आवाज मात्र नवा आला. तो स्पीकरच्या जाळीचा होता.

तेव्हा मी रोकड मोजायची पद्धत लावली. एक जुनी खतावणी घेतली आणि रकाने आखले : तारीख, ठिकाण, वेग, आवाजाचा प्रकार, संशयित. रविवारी सकाळी गाडी पार रिकामी केली. चमचे, ताटं, गाद्या, जॅक, पाने, सगळं अंगणात. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. इतके दिवस त्याला शिव्या दिल्या. आता तोच प्रयोगशाळा झाला. रिकामी गाडी त्यावरून न्यायची आणि ऐकायचं. मग एक वस्तू आत ठेवायची, पुन्हा न्यायची, पुन्हा ऐकायचं. सौ. मागे डोळे मिटून बसायची आणि आवाज येईल त्या दिशेला बोट दाखवायची. चिरंजीव पलंगाखाली आडवे. अकराव्या फेरीला शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक फाटकाशी आले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "काय हो, ब्रेक लागत नाही का?"

पण चोर सापडू लागले. पहिला निघाला गॅसच्या शेगडीचा पितळी बर्नर. तो नुसता ठेवलेला असतो, हे मला लग्नाच्या सतराव्या वर्षी कळलं. दुसरा, न लावलेल्या सीटबेल्टचं बक्कल. ते खांबाच्या पत्र्यावर टिचक्या मारत होतं. तिसरी मागची नंबरप्लेट. चौथा सीटखालचा जॅक. त्याला जुन्या सतरंजीत गुंडाळल्याबरोबर तो बाळासारखा झोपला. पलंगाची फळी पत्र्याला घासत होती. तिथे नमद्याची पट्टी लावली आणि लाकडाला लाकूड लागत होतं तिथे मेणबत्ती घासली. महिनाभरात खतावणीत सतरा आवाज जमा आणि सतरा वजा झाले. बाकी शून्य.

आणि तरीही गाडीत आवाज होते! पूर्वी कधी न ऐकलेले. खिडकीच्या काचेची थरथर, चष्म्याच्या डबीतल्या चष्म्याची हालचाल, कुठेतरी दाराच्या पोटात काहीतरी घरंगळतंय असं वाटायचं. जितके आवाज बंद केले तितके नवे निघाले. बँकेत असं झालं असतं तर मी राजीनामा दिला असता. घरी असल्यामुळे मी इतिहास वाचायला घेतला.

तर वाचकहो, ऐका आता नगरच्या खडखडाटाची बखर. (२०२४ पासून गावाचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. पण बखर जुनी, म्हणून तिच्यात नगरच म्हणतो.)

या गावाला आवाजाचं वावडं कधीच नव्हतं. अहमद निजामशहाने १४९० मध्ये गाव वसवलं, आणि साठ वर्षं व्हायच्या आत, १५४९ मध्ये, महंमद बिन हसन रूमी या ओतकाऱ्याने इथे 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन. ती आज विजापूरच्या बुरुजावर बसलेली आहे. ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले अशी आख्यायिका आहे. लोक तिच्या गर्जनेबद्दल बोलतात. मी तिच्याखालच्या चाकांबद्दल विचार करतो. पंचावन्न टनांखाली कण्हणारा तो गाडा किती कोसांवरून ऐकू येत असेल? पण त्याची तक्रार कुणी केल्याची नोंद नाही. तोफेच्या शेजारी चाकाचं कोण ऐकतो!

मग शतकानुशतकं बैलगाडीचं राज्य. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, खाली दगडधोंड्यांची वाट. गाडीला वंगणाचा नळा टांगलेला असे आणि चाक कुरकुरलं की गाडीवान उतरून आसाला वंगण देई. 'खटारा' हा शब्द आपण आज शिवीसारखा वापरतो; मूळचा तो ओझ्याचा मोठा गाडा. आवाजावरून नाव पडलं असावं अशी आपली माझी समजूत.

नंतर येतो १ जून १९४८ हा दिवस. त्या दिवशी मुंबई राज्याच्या सरकारी प्रवासी वाहतुकीची, म्हणजे आपल्या एस.टी.ची, पहिली गाडी धावली, ती पुणे-नगर या रस्त्यावर. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तीस आसनांची गाडी, लाकडी बॉडी, वर कापडी छत. सुरुवातीच्या या गाड्या निळ्या आणि रुपेरी रंगाच्या असत आणि बाकांत काथ्या भरलेला असे. आता लाकडाचा स्वभाव ज्याच्या घरी जुना दरवाजा आहे त्याला सांगायला नको. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि प्रत्येक आकसण्याबरोबर स्क्रू थोडा थोडा सैल होतो. म्हणजे लाकडी बॉडीची गाडी वर्षातून एकदा आपोआप खुळखुळा होणार, हे सृष्टिक्रमातच आलं. पुढे लाकूड जाऊन पोलादी बॉडी आली. पोलाद समुद्रकाठी गंजतं, म्हणून १९६० च्या सुमाराला ॲल्युमिनियम आलं, आणि रंगही लाल झाला. लाकडाची करकर गेली आणि पत्र्याचा थडथडाट ऐकू येऊ लागला. तो आधी नव्हता असं नाही. करकरीखाली दबला होता.

मधल्या काळात एस.टी.ने एक ऐष केली होती. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत पुणे-महाबळेश्वर रस्त्यावर 'नीलकमल' आणि 'गिरियारोहिणी' अशा दोन आरामगाड्या सोडल्या. दोन-दोनची आसनं, पडदे, हिरवट काचा, आणि आत चक्क एक घड्याळ! हे घड्याळ वाचून मला एकदम इंग्लंडातली रोल्स-रॉईस आठवली. त्या कंपनीच्या १९०७ सालच्या एका रुपेरी मोटारीला तिच्या शांतपणावरून 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत, असं नाव पडलं. पुढे १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्याने या कंपनीची एक जाहिरात लिहिली. तिचा मथितार्थ असा, की ताशी साठ मैल वेगाने जाताना या मोटारीत सगळ्यांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा. लोकांनी याला स्तुती मानलं. मी मात्र खतावणी घेऊन बसलेला माणूस. मी म्हणालो, बिचाऱ्यांना शेवटी घड्याळ तरी उरलंच की!

आणि हा इतिहास वाचायला मी ज्या गावात बसलो होतो, त्याच गावात सरकारने वाहनांच्या परीक्षेची मोठी संस्था चालवली आहे. १९२९ मध्ये रावळपिंडीजवळ चकलाला इथे लष्करी वाहनं तपासण्याचं जे कार्यालय निघालं, ते १९४७ मध्ये नगरला आलं. त्याचीच आजची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. तिथे गाड्यांच्या कसोटीसाठी मुद्दाम रस्ते बांधलेले आहेत. अशा परीक्षेच्या मार्गांवर जगभर हीच रीत : कुठे ओबडधोबड दगड बसवायचे, कुठे पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठवायच्या, आणि गाडीला इतकं हलवायचं की दहा वर्षांनी सैल होणारा नट आजच बोलता व्हावा. बाकीच्या रस्त्यांवर हे काम निसर्ग आणि कंत्राटदार मिळून करतात.

बखरीचं शेवटचं पान १ जून २०२२ चं. तारीख तीच, रस्ता तोच, पुणे-अहमदनगर. त्या दिवशी एस.टी.ची 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस पहिल्यांदा धावली. इंजिन नाही, म्हणजे इंजिनाचा घोष नाही. आता तरी आवाज संपले असतील असं वाटेल. पण विजेच्या मोटारी बनवणाऱ्या इंजिनिअरांची जगभरची डोकेदुखी हीच आहे : इंजिन गप्प झाल्याबरोबर आतली प्रत्येक चिमटी, प्रत्येक फळी आणि चाकांची घरघर ऐकू येऊ लागली. चौऱ्याहत्तर वर्षं त्याच रस्त्यावर धावून निष्कर्ष निघाला तो माझ्या खतावणीतलाच. आवाज नव्याने जन्मत नाहीत. मोठा गेला की त्याच्यामागे उभा असलेला लहान पुढे येतो.

इतिहासाने समाधान झालं, पण दाराच्या पोटातला आवाज काही गेला नाही. म्हणून स्टेशन रोडकडच्या एका बोळात एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आवाजाच्या तक्रारीसाठी नगरमध्ये त्यांच्याइतका मोठा वैद्य नाही असं ऐकलं होतं. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. चाचांना नीट ऐकू येत नव्हतं.

"आवाज येतो, चाचा!" मी ओरडलो.

"तो तर येणारच, साहेब. कैसा आवाज? खडखड, करकर, की घरघर?"

मी म्हटलं, "फरक काय पडतो?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं ते आमचे मॅनेजर नव्या शिपायाकडे पाहतात तसं. "फरक पडतो म्हणजे? डॉक्टरला पोट दुखतंय की डोकं, ते सांगता ना?" मग बोटांवर मोजून दाखवलं. खडखड म्हणजे दोन वस्तूंमध्ये फट आहे. घट्ट करा नाहीतर मध्ये कापड घाला. करकर म्हणजे फट नाही, दोन वस्तू एकमेकींना घासतायत. तिथे मेण, साबण, वंगण. खुळखुळ म्हणजे काहीतरी मोकळं पोकळीत पडलंय. घरघर वेगाबरोबर वाढली आणि वळणावर बदलली तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकून गाडी उचलताना एकच ठण्ण आलं तर खालचा शाफ्ट बघा. "आणि टक, टक, टक," चाचा बोट वर करून म्हणाले, "चाकाच्या चालीवर, चाक हळू तर टक हळू, चाक जोरात तर टक जोरात. हा आवाज आला की पुढचा ढाबासुद्धा गाठायचा नाही. तिथेच थांबायचं."

मी थक्क झालो. नवाने भाग जातो का ते पाहायचं, तेच हे शास्त्र! आणि आपली मराठी केवढी मोठी मेकॅनिक! इतके आवाज आपल्या आजीलाही तोंडपाठ होते. फक्त गॅरेज काढायचं राहून गेलं.

चाचांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, एक हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक गाडीला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. तसं ते गाडीभर फिरले. हवेतून येईना ते हाडातून येत होतं. इंजिनाचा एक पट्टा सैल निघाला, एका कंसाचा स्क्रू गेलेला निघाला. दारावर मात्र त्यांनी नुसता तळहात ठेवला, दार दोनदा हलवलं आणि म्हणाले, "आत काही आहे. धोक्याचं नाही. सवड झाली की खोला."

पैसे देताना मी न राहवून विचारलं, कान कधीपासून असे? चाचा हसले. "तेच तर कळलं नाही, साहेब. घण, इंजिन, हॉर्न, सगळं ऐकू यायचं. मला वाटायचं कान शाबूत आहेत. बारीक आवाज आधी जातात. एक दिवस नात पैंजण घालून दारातून आत आली. घरात सगळे हसले, मीच मान वर केली नाही. पैंजण वाजतच नाही असं वाटलं मला. म्हटलं, सोनाराने फसवलं." थोडं थांबून म्हणाले, "गाडीत एक बारीक आवाज राहू द्यावा, साहेब. ओळखीचा. तो ऐकू येतो तोवर आपण जागे."

जानेवारीत आम्ही भंडारदऱ्याला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी मागच्या चाकाचं पंक्चर काढून घेतलं होतं. गाडी अशी चालली होती की सौ. आणि मी चक्क गप्पा मारत होतो. गाडीत संभाषण करणं किती धोक्याचं असतं हे आम्ही विसरलो होतो; राहुरीपर्यंत दोन भांडणं झाली. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडून लोणीच्या वाटेला लागलो. उसाचा हंगाम. भरलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे चाललेल्या, बैलांच्या गळ्यांत घुंगरं. त्यांच्या मागे हळू व्हावं लागलं. आणि त्या मंद चालीत, घुंगरांच्या मागून, मला ऐकू आलं : टक... टक... टक.

वेग थोडा वाढवला. टक-टक-टक. कमी केला. टक... टक.

"अहो, काय झालं?" सौ. म्हणाली. "चमचे असतील."

चमचे नव्हते. चमचे तर सतरंजीत होते. एरवी मीही चमचेच म्हटलं असतं आणि संगमनेरला चहा घेताना बघू म्हणून पुढे गेलो असतो. गाडी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या पाच नटांपैकी दोन हाताच्या बोटांनी फिरत होते आणि तिसरा फिरायच्या बेतात होता. चाक काढून लावलं की थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळायचे असतात, हे पंक्चरवाल्याने सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याने सांगितलं असेल. मला ऐकू आलं नसेल.

पाना घेतला तेव्हा हात थरथरत होते. पलंगावर चिरंजीव झोपले होते. पुढे अकोले, राजूर, मग धरणाकडचे चढउतार आणि वळणं. महिनाभरापूर्वीची गाडी असती तर बर्नर, बक्कल, जॅक आणि मेव्हण्याचे स्पीकर यांच्या त्या वाद्यवृंदात ही टकटक चाक निखळेपर्यंत कळली नसती. सतरा निरुपद्रवी आवाजांमागे एक उपद्रवी उभा राहू शकतो, आणि त्याला पुढे यायला वाट करून द्यावी लागते. एवढी एकच गोष्ट सांगण्यासाठी मी १४९० पासून सुरुवात केली, याबद्दल वाचक क्षमा करतील.

उरला दाराच्या पोटातला आवाज. परत आल्यावर एका रविवारी दाराचं आतलं आच्छादन खोललं. तळाशी पंचवीस पैशांचं एक नाणं होतं. आधीच्या मालकाच्या घरातल्या कुणा पोराने काचेच्या फटीतून टाकलं असणार. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. म्हणजे कारकून या नात्याने मला ते कोणत्याही खात्यात जमा करता येत नव्हतं. ओट्यावर टाकून पाहिलं. किंमत शून्य, पण नाणं खणखणीत!

मी ते पुन्हा दारात टाकलं आणि आच्छादन बसवलं. खतावणीत लिहिलं : 'आवाज एक, पंचवीस पैसे, शिल्लक ठेवला.' आता रोज सकाळी गतिरोधकावरून जाताना कान देतो. खुळ्ळ् झालं की बरं वाटतं. गेल्या गुरुवारी मात्र झालं नाही. पोटात गोळाच आला. गाडी थांबवली, दार हलवलं, पुन्हा हलवलं. काही नाही. घामाघूम होऊन घरी आलो आणि सौ.ला म्हटलं, "अगं, माझे कान गेले."

ती म्हणाली, "कान नाही गेले. चिरंजीवांनी काल दार खोललंय. शाळेत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन आहे."